एका साक्षीदारावर विसंबलेले विमान

पेण गावच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती कशी तयार होते हे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आजचा विषय समजण्यास फारसे सायास पडणार नाहीत. कसबी कारागीर प्रथम एकच मूळ मूर्ती मातीत घडवितो. तिजवरून रबराचा साचा काढतात आणि मग त्या साच्यातून शेकडो मूर्ती बाहेर पडतात. हमरापूर, जोहे इत्यादी आसपासच्या गावांतूनही हाच उद्योग बारा महिने चालू असतो. आता समजा, हाताने घडविलेल्या एखाद्या मूर्तीचा कान बिघडला, तर तो दोष त्या एका मूर्तीपुरताच राहतो. परंतु साच्यातच चूक राहून गेली, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचा कान तसाच निघावयाचा. आणि मौज अशी की, कोणतीही मूर्ती साच्याशी ताडून पाहिली, तर ती तंतोतंत बरोबरच ठरावयाची!

विमानाच्या दोषांचेही असेच दोन प्रकार आहेत. खिळा सैल होतो, नळी झिजते, पत्र्यास तडा जातो. हे दोष एकेका विमानाचे असतात, आणि ते पाहणीत सापडतात. परंतु आजच्या प्रवासी विमानांत असंख्य कामे संगणकाच्या स्वाधीन केलेली असतात, आणि त्या संगणकाने कोणत्या प्रसंगी काय करावे हे सांगणारी एक आज्ञावली असते. रूढ भाषेत तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ही आज्ञावली झिजत नाही, गंजत नाही, उन्हापावसाने सैल होत नाही. ती साच्यासारखी आहे. तिच्यात जी चूक लिहिली गेली, ती त्या जातीच्या प्रत्येक विमानात अक्षरशः तीच असते, आणि तपासनीसाने विमान आज्ञावलीशी ताडून पाहिले, तर त्याला सर्व काही यथास्थित दिसते. अशा चुकीमुळे २०१८ व २०१९ या दोन वर्षांत, अवघ्या साडेचार महिन्यांच्या अंतराने, एकाच जातीची दोन नवी कोरी विमाने कोसळली आणि ३४६ माणसे प्राणास मुकली.

ती हकीकत सांगण्यापूर्वी विमान आणि माणूस यांच्यामधील नाते कसकसे बदलत गेले, हे थोडक्यात पाहणे इष्ट आहे. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात वैमानिकाचा हात आणि विमानाचे पंख यांच्यामध्ये तारा व दांडे यांखेरीज दुसरे काही नव्हते. हाताने ओढावे आणि पंखाने हलावे, इतका सरळ व्यवहार! विमान आपोआप सरळ रेषेत ठेवणारे यंत्र मात्र त्याच्याही आधीचे आहे. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने १९१४ साली पॅरिसजवळ उडत्या विमानात दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना चकित केले होते. परंतु असे यंत्र म्हणजे निव्वळ मदतनीस. त्याला बाजूस सारून वैमानिकाने विमान हाती घ्यावे, अशीच व्यवस्था असे. पुढे एअरबस कंपनीचे ए-३२० विमान आले. ते १९८८ साली प्रवासी वाहतुकीत दाखल झाले. या विमानात वैमानिकाचा हात थेट पंखापर्यंत पोचतच नाही. वैमानिक आपली इच्छा संगणकाला कळवितो, आणि संगणक ती आपल्या नियमांत बसवून पंखांना हुकूम देतो. येथून पुढे विमानात वैमानिकाच्या जोडीला आणखी एक निर्णय करणारा येऊन बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्राच्या खोट्या सांगण्यावरून विमान बुडण्याचा प्रकार मात्र या नव्या युगाचाच आहे असे नाही. मुंबईकरांच्या स्मरणात ता. १ जानेवारी १९७८ ची रात्र आहे. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ जातीचे विमान सांताक्रूझहून दुबईस जाण्यासाठी उडाले. किनारा ओलांडून समुद्रावर येताच ते किंचित उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. परंतु कप्तानापुढील जे यंत्र विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे दाखविते, ते उजव्या कलावरच अडकून बसले. बाहेर अंधारा समुद्र. आकाश आणि पाणी यांमधील रेषा डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती. विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे समजून कप्तानाने ते डावीकडे कलविले, आणखी कलविले, आणि दोन मिनिटे पुरी होण्याच्या आतच ते वांद्र्यासमोरील समुद्रात पडले. विमानातील २१३ माणसांपैकी एकही वाचला नाही. ज्या यंत्राने खोटी साक्ष दिली त्याच्या शेजारीच, सहवैमानिकापुढे, तसेच दुसरे यंत्र होते, आणि अडीनडीस पाहण्यासाठी तिसरेही होते. विमानातील अभियंता कप्तानाचे लक्ष दुसरीकडे वेधण्याच्या प्रयत्नात होता. परंतु क्षणच इतके थोडे होते की, दुसऱ्या साक्षीदाराला विचारण्यास वेळ उरला नाही. येथे खोट्या यंत्रावर विश्वास ठेवला तो माणसाने.

दुसरा प्रसंग ता. १४ फेब्रुवारी १९९० चा. इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान मुंबईहून बंगळूरास गेले. ताफ्यात येऊन त्याला दोन-तीन महिनेच झाले होते. हवा स्वच्छ, वेळ भर दुपारची. तरीही ते धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत जे निष्पन्न झाले ते मोठे शिकण्याजोगे आहे. विमान उतरत असता संगणक अशा एका अवस्थेत होता की, त्या अवस्थेत इंजिने अगदी मंद ठेवावयाची आणि वेग सांभाळावयाचा तो केवळ नाकाच्या उतारावर, असा त्याचा नियम. धावपट्टीकडे येताना विमान फार खाली जाते आहे असे पाहून नाक वर ओढले गेले. परंतु इंजिने मंदच राहिली. चढावर घोड्याला लगाम खेचून उभे करावे आणि टाच मात्र मारू नये, तशी गत झाली. वेग उतरत गेला. तो का उतरतो हे ध्यानात येऊन इंजिनांना जोर देईपर्यंत उशीर झाला होता, कारण मंद इंजिनास पुरता जोर येण्यास काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद शिल्लक नव्हते.

या अपघातावर पुष्कळ वाद झाला. इंडियन एअरलाइन्सची सर्व ए-३२० विमाने कित्येक महिने जमिनीवर उभी होती. संगणकाने जे सांगितले तेच केले, म्हणून दोष वैमानिकांचा, हा एक पक्ष. आणि संगणक काय करीत आहे हे दोघा अनुभवी वैमानिकांना चटकन कळू नये, अशी ज्याची रचना, तो निर्दोष कसा, हा दुसरा पक्ष. चौकशीचा निष्कर्ष मुख्यतः पहिल्या पक्षाच्या बाजूचा होता. तथापि दुसऱ्या पक्षाचा प्रश्न त्यामुळे मिटला असे म्हणता येत नाही. नोकराने हुकमाबरहुकूम काम केले, पण कोणत्या हुकमाचे काम चालले आहे हे धन्याला कळू दिले नाही, तर अशा नोकराला आज्ञाधारक म्हणावे काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

बोइंग ७३७ मॅक्स या विमानाची कहाणी याच्या पुढची आहे. येथे वैमानिकाला अवस्था कळली नाही, इतकेच नव्हे, तर असे काही यंत्र आपल्या विमानात आहे हेसुद्धा त्याला सांगितलेले नव्हते.

७३७ हे विमान १९६७ सालचे. त्या काळी लहान विमानतळांवर शिड्यांची व सामान चढविण्याच्या यंत्रांची सोय नसे, म्हणून ते मुद्दाम बुटके, जमिनीलगत ठेवलेले होते. एअरबस कंपनीने २०१० साली ए-३२० ला कमी इंधनात चालणारी नवी मोठी इंजिने बसविण्याचे जाहीर केले, तेव्हा स्पर्धेसाठी बोइंग कंपनीने २०११ साली आपल्या जुन्या बुटक्या विमानालाच तशी इंजिने लावण्याचे ठरविले. परंतु पंखाखाली तेवढी जागा कोठे होती? म्हणून इंजिने थोडी पुढे आणि वर सरकविली गेली. त्याचा परिणाम असा की, काही विशिष्ट प्रसंगी नाक फार वर गेले असता या विमानाची वागणूक जुन्या ७३७ पेक्षा निराळी होऊ लागली; नाक आणखी वर जाण्याकडे त्याचा कल दिसू लागला.

नाक फार वर गेल्याने काय बिघडते, हे पतंग उडविणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. वारा आणि पंख यांमधील कोन एका मर्यादेपर्यंत वाढला, तोवर पंखाला उचल मिळते. मर्यादा ओलांडली की वाऱ्याचा प्रवाह पंखावरून सुटतो, उचल नाहीशी होते आणि विमान खाली येऊ लागते. हा कोन मोजण्यासाठी विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंस वाऱ्याबरोबर फिरणारे एकेक लहानसे पाते बसविलेले असते. मोठे साधे यंत्र. देवळाच्या शिखरावरील वारा दाखविणाऱ्या पताकेचेच शास्त्रीय भावंड. मॅक्सच्या संगणकात एक नवी आज्ञावली घालण्यात आली. पात्याने कोन फार वाढल्याची वर्दी दिली, की तिने वैमानिकाला न विचारता शेपटीचे आडवे पंख फिरवून नाक खाली करावयाचे. या व्यवस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एम्कॅस म्हणतात.

हेतू वाईट नव्हता. परंतु रचनेत चार गोष्टी एकत्र आल्या. विमानाच्या दोन पात्यांपैकी एका वेळी एकाच पात्याची वर्दी एम्कॅस ऐकत असे. दुसरे पाते काय म्हणते हे ती विचारीत नसे. एका खेपेस तिने शेपटीचे पंख किती फिरवावे, याची मर्यादा प्रथम सुमारे ०.६ अंश होती, ती पुढे २.५ अंशांपर्यंत वाढविण्यात आली. वैमानिकाने कळ दाबून तिचे काम उलटविले, तर ती पाच सेकंद थांबे आणि वर्दी कायम असल्यास पुन्हा नाक खाली करी. असे किती वेळा करावयाचे याला अंत नव्हता. आणि चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण: वैमानिकांच्या पुस्तकात तिचा उल्लेखच ठेवलेला नव्हता. नवे विमान जुन्यासारखेच आहे, त्यासाठी वैमानिकांना कृत्रिम विमानकक्षातील खर्चिक शिक्षण देण्याचे कारण नाही, असे गिऱ्हाईक कंपन्यांना सांगता यावे, ही व्यापारी दृष्टी त्यामागे होती. अमेरिकेच्या विमान खात्याने तपासणीचे बरेचसे काम कंपनीच्याच माणसांकडे सोपविले होते. परीक्षार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासावी, त्यातलाच हा प्रकार!

ता. २८ ऑक्टोबर २०१८. इंडोनेशियातील लायन एअर कंपनीच्या एका मॅक्स विमानाचे डावे पाते बाली बेटावरील देनपसार येथे बदलण्यात आले. बदलून बसविलेले पाते सुमारे २१ अंशांनी चुकीचे सांगत होते. त्याच रात्री जाकार्ताला जाताना विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली जाऊ लागले. दैवाने त्या दिवशी विमानकक्षात एक तिसरा, सुट्टीवरील वैमानिक बसलेला होता. शेपटीचे पंख फिरविणाऱ्या विजेच्या मोटारीच्या कळा बंद करून विमान हाताने नेण्यात आले आणि ते सुखरूप उतरले. परंतु विमानाच्या नोंदवहीत कळा बंद कराव्या लागल्याची नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान जाकार्ताहून निघाले. कप्तान होता भव्य सुनेजा, दिल्लीचा एकतीस वर्षांचा तरुण. विमान वर चढताच त्याच्या हातातील सुकाणू थरथरू लागले. वेगाचे व उंचीचे आकडे दोन बाजूंना दोन प्रकारचे दिसू लागले. मग नाक खाली गेले. त्याने वर आणले. ते पुन्हा खाली गेले. असे वीसहून अधिक वेळा झाले. विमान आपणहून खाली का जाते आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता, कारण ज्या यंत्राशी त्याची झुंज चालली होती त्याचे नाव त्याने वाचलेल्या पुस्तकात नव्हते. शेवटी त्याने सुकाणू सहवैमानिकाच्या हाती दिले. पुस्तकात काही उपाय सापडतो काय याचा शोध चालूच होता. सहवैमानिकाला नाक पुरेसे वर आणणे साधले नाही. उड्डाणानंतर सुमारे बारा मिनिटांनी विमान जावाच्या समुद्रात पडले. १८९ माणसे गेली.

कंपनीने यानंतर वैमानिकांना सूचना पाठविली की, असे झाल्यास मोटारीच्या कळा बंद कराव्यात. अमेरिकेत कित्येकांनी उघड बोलून दाखविले की, अनुभवी वैमानिक असता तर विमान वाचले असते. मेलेल्या माणसावर दोष टाकणे नेहमीच सोपे असते. तो उत्तर देऊ शकत नाही. परंतु ता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियाच्या राजधानीहून नैरोबीस निघालेले दुसरे मॅक्स विमान सहा मिनिटांतच कोसळले आणि त्या बोलण्याचा आधार सुटला. या विमानातील १५७ मृतांत भारतीयही होते. या वेळी डावे पाते ७४ अंशांहून अधिक कोन दाखवीत होते. उजवे पाते त्याच क्षणी सुमारे १५ अंश दाखवीत होते. ७४ अंश म्हणजे विमान जवळजवळ शेपटीवर उभे! कोणत्याही शहाण्या माणसाने या दोन साक्षी ऐकून पहिलीवर अविश्वास दाखविला असता. एम्कॅसने दुसरी साक्ष मागितलीच नाही. वैमानिकांनी सूचनेप्रमाणे कळा बंद केल्या. परंतु तोवर वेग इतका वाढला होता, आणि शेपटीचे पंख इतके फिरले होते, की हाताने चाक फिरवून ते मागे आणणे मनुष्यबळापलीकडचे ठरले. कळा पुन्हा चालू करण्यात आल्या, आणि एम्कॅसने पुन्हा नाक खाली केले.

या दोन अपघातांत काय उणे होते, हे समजण्यासाठी अमेरिकेस जाण्याची आवश्यकता नाही. पेणहून त्याच लोहमार्गाने नागोठणे मागे टाकून रोह्यास उतरावे. येथून कोकण रेल्वेचा आरंभ होतो. रेल्वेतील जुन्या हाताच्या सिग्नलची रचना अशी की, तार तुटली तर वजनाच्या योगाने हात आपोआप आडवा, म्हणजे 'थांबा' या स्थितीत येतो. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूस व्हावा, हे त्यातील तत्त्व. रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा कारखान्यांत ज्या भांड्यातील रसायन अति तापल्यास धोका संभवतो, त्यासाठी रूढ असलेली एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. उष्णता मोजणारी यंत्रे एक नव्हे, तीन बसवितात. तिघांपैकी दोघांनी धोक्याची वर्दी दिली, तरच आपोआप चालणारी व्यवस्था भांड्यात जाणारा माल तोडते व थंड पाणी सोडते. एकट्याचे ऐकून कारखाना बंद होत नाही, आणि एकटा मुका झाला म्हणून धोकाही दडत नाही. पंचांच्या निवाड्यासारखीच ही पद्धत आहे.

मात्र विमानाच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे, आणि ती आगगाडीला किंवा रसायनाच्या भांड्याला नाही. आगगाडी थांबली की ती सुरक्षित होते. भांडे बंद केले की ते सुरक्षित होते. आकाशातील विमानाला 'थांबा' ही स्थितीच नाही. संगणकाला शंका आली, तर त्याने काय करावे? गप्प बसावे, तर एखादा खरा धोका टळावयाचा राहील. कृती करावी, तर ती कृतीच घात करील. म्हणून शंकेच्या प्रसंगी यंत्राने आपला हात आखडता घ्यावा आणि ही गोष्ट वैमानिकाला स्वच्छ सांगावी, यापलीकडे दुसरा मार्ग दिसत नाही. मॅक्समध्ये दोन पात्यांची वर्दी जुळत नसल्यास तसा इशारा देणारा एक दिवा असावयाचा होता. परंतु आज्ञावलीतीलच आणखी एका चुकीमुळे, ज्या कंपन्यांनी कोन दाखविणारे जादा यंत्र विकत घेतले होते, त्यांच्याच विमानांत तो लागे. ही चूक कंपनीला २०१७ सालीच उमगली होती.

साक्षीदार तीन असले म्हणजे सर्व झाले, असेही समजू नये. ता. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटस कंपनीचे ए-३३० विमान सिंगापूरहून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जात होते. त्यात कोन मोजण्याची व्यवस्था तिहेरी होती. तिघांपैकी एकाच्या यंत्रणेने अधूनमधून क्षणभर भलताच आकडा पाठविण्यास आरंभ केला. असा आकडा आला तर तो थोडा वेळ बाजूस ठेवण्याची तरतूद आज्ञावलीत होती. परंतु दोन खोटे आकडे ठराविक अंतराने आले असता दुसरा आकडा गाळणीतून निसटतो, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. विमानाने एकाएकी दोनदा नाक खाली टाकले. माणसे छताला आदळली. शंभराहून अधिक जखमी झाले. वैमानिकांनी विमान जवळच्या विमानतळावर उतरविले आणि कोणीही दगावले नाही. पंच तीन नेमले, पण त्यांच्या सभेचा नियमच सदोष होता. लाखो तासांच्या उड्डाणात एकदा घडावयाची गोष्ट कागदावर आधी कल्पिणे, हेच या विद्येतील खरे कठीण काम.

इथिओपियातील अपघातानंतर पहिल्याने चीनने, मग अनेक देशांनी मॅक्सची उड्डाणे बंद केली. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १२ मार्च २०१९ रोजी तो निर्णय घेतला. अमेरिकेने त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे ही विमाने जेट एअरवेज व स्पाइसजेट या कंपन्यांकडे होती. बंदी भारतात २६ ऑगस्ट २०२१ पर्यंत टिकली. मधल्या काळात आज्ञावली नव्याने लिहिली गेली. आता एम्कॅस दोन्ही पाती पाहते, त्यांच्यात ५.५ अंशांहून अधिक फरक पडल्यास ती स्वतःला बंद करते. एका प्रसंगी एकदाच कृती करते. आणि वैमानिकाला सुकाणूच्या जोरावर आवरता येणार नाही इतके नाक ती कधीच खाली करीत नाही. वैमानिकांना कृत्रिम कक्षातील शिक्षण आवश्यक ठरविण्यात आले. म्हणजे जो खर्च टाळण्यासाठी इतके घडले, तोच शेवटी करावा लागला. मुंबईच्या अकासा एअर कंपनीने ७ ऑगस्ट २०२२ रोजी आपला व्यवसाय मुंबई–अहमदाबाद मार्गावर आरंभिला, तो याच सुधारलेल्या जातीच्या विमानाने.

साच्याच्या उपमेला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती समाधानाची आहे. साच्यातील चूक जशी सर्व मूर्तींत उतरते, तशीच साच्याची दुरुस्तीही सर्वांत उतरते. ता. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील जेटब्लू कंपनीच्या एका ए-३२० विमानाने उडत असता एकाएकी नाक खाली टाकले आणि काही प्रवासी जखमी झाले. तपासांती एअरबस कंपनीने जाहीर केले की, सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाने उड्डाण-संगणकातील आकडे बिघडू शकतात आणि नव्या आज्ञावलीत त्यापासून पुरेसे संरक्षण नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस जगातील सुमारे ६,००० विमानांना दुरुस्ती करून घेतल्यावाचून उडू नये असे बजाविण्यात आले. भारतातील तीनशेहून अधिक विमाने त्यात होती. बहुसंख्य विमानांत पूर्वीची आज्ञावली पुन्हा घालणे एवढेच काम होते; एकेका विमानास दोन-तीन तास पुरत. काही उड्डाणांना विलंब झाला, प्रवासी कुरकुरले. कुरकुर स्वाभाविक आहे. परंतु एका विमानातील जखमींवरून सहा हजार विमाने महिन्याभरात अडविली गेली, आणि २०१८ साली १८९ मृतांनंतरही एकही विमान अडविले गेले नव्हते, हा फरक त्या प्रवाशांनी लक्षात घेतला असता तर बरे झाले असते.

ता. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस झालेल्या एअर इंडियाच्या अपघाताविषयीही असेच काही बोलले गेले. त्याच्या जुलै २०२५ मधील प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा उड्डाणानंतर लागोपाठ बंद स्थितीत गेल्याचे नमूद आहे. आज्ञावलीच्या दोषाचा निष्कर्ष त्यात नाही. म्हणून त्याला वरील पंक्तीत बसविणे न्याय्य होणार नाही. अपघात झाला की कोणी संगणकावर आणि कोणी वैमानिकावर बोट ठेवून मोकळे होतात. या दोन्ही घायांपेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो: यंत्राने कृती केली ती कोणाच्या साक्षीवरून, आणि ती करीत असल्याचे माणसाला कळविले होते काय?

रायगड जिल्ह्यातील घरांना हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. उलवे येथील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पेण-रोह्याच्या माणसाला विमानासाठी मुंबई गाठण्याची यातायात त्यामुळे बरीच वाचली. तेथून उडणाऱ्या विमानांत ए-३२० जातीची आहेत, तशीच मॅक्स जातीचीही आहेत.

सुधारलेल्या मॅक्समध्येही पाती दोनच आहेत. दोघांत मतभेद झाला तर खरे कोण, हे दोघांवरून ठरत नाही. यंत्र फक्त बाजूला होते आणि भार वैमानिकावर पडतो. म्हणून युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने तिसऱ्या साक्षीदाराचा आग्रह धरला. तो साक्षीदार म्हणजे नवे पाते नव्हे. विमानाचा वेग, वजन, उतार इत्यादी इतर मापांवरून पंखाचा कोन किती असावयास हवा याचा हिशेब संगणकानेच करावयाचा, आणि तो आकडा दोन्ही पात्यांच्या आकड्यांशी ताडून पाहावयाचा, अशी ती योजना आहे. बोइंग कंपनीने ती मान्य केली. मॅक्सच्या सर्वांत लांब जातीत ही व्यवस्था प्रथम घालावयाची आणि मग आधीच्या विमानांतही ती बसवावयाची, असे ठरले. आणि अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीला नव्या जातींबाबत एक सवलत देताना जुन्या विमानांची ही दुरुस्ती कायद्याने बंधनकारक केली.